तीन बायका आणि एक राइस कुकर: 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' कसा पाहावा

भिशीच्या ग्रुपवर किंवा वाचन गटात कधीतरी ठरतं, की या वेळी एखादा वेगळा सिनेमा एकत्र बघू या. सगळ्या जमतात, चहा होतो, सिनेमा लागतो आणि वीस मिनिटांनी कुणीतरी विचारतं, "अगं, पण स्टोरी कधी सुरू होणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. मोठ्या सिनेमात पार्श्वसंगीत चढलं की आता काहीतरी घडणार हे आपल्याला न सांगता कळतं. लहान, स्वतंत्र सिनेमात असे इशारे कुणी देत नाही. मग नजर कुठे ठेवायची?

हे हवेत सांगून उपयोग नाही, म्हणून एकच सिनेमा घेते: पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. मे २०२४ मध्ये याला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पुरस्काराच्या खालोखालचा मान. त्याआधी कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट होता तो १९९४ साली, शाजी करुण यांचा 'स्वाहम'. पण पुरस्काराच्या बातम्या बाजूला ठेवा. त्यांनी उलट दडपण येतं, आणि 'आवडला नाही तर आपल्यालाच कळत नाही' असं वाटायला लागतं.

माणसं मोजकी आहेत. प्रभा (कनी कुस्रुती) मुंबईच्या एका हॉस्पिटलात थोरली नर्स. अनू (दिव्या प्रभा) तिथलीच धाकटी नर्स आणि प्रभाची रूममेट. पार्वती (छाया कदम) त्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करते. पहिल्या दोघी मल्याळी, तिसरी आपल्या रत्नागिरीची. प्रभाचा नवरा जर्मनीत आहे आणि त्याचा बऱ्याच काळात फोन नाही. अनूचं शियाझ नावाच्या मुसलमान मुलावर प्रेम आहे. पार्वतीचं राहतं घर बिल्डर पाडायला निघालाय. एवढं सांगून बसवलंत तरी रसभंग होत नाही, कारण सिनेमाचा जीव यात नाहीच.

माझं म्हणणं सरळ आहे: हा सिनेमा पाहताना गोष्टीचा पाठलाग करू नका, जागेचा करा. कुणाला कुठे बसायला मिळतं, कुठलं दार आतून लावता येतं, कुठल्या कागदावर कुणाचं नाव आहे, एवढं धरून ठेवलंत तर दोन तासांत कुठेही हरवायला होत नाही.

बसण्याआधी

चित्रपट दोन तासांना दोन मिनिटं कमी आहे. सलग बघा. मध्ये वडे तळायला उठायचं असेल तर वडे आधी किंवा नंतर. दुपारी बघणार असाल तर पडदे ओढून घ्या, कारण अर्ध्याहून जास्त चित्रपट रात्रीचा आणि पावसाळी उजेडाचा आहे. खिडकीतून ऊन आलं तर टीव्हीवर निळसर अंधारापलीकडे काही दिसणार नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' किंवा 'स्पोर्ट्स' असेल तर ते बदलून 'सिनेमा' करा. हे काम मिनिटाचं आहे आणि फरक मोठा पडतो.

चित्रपट देशभर थिएटरात लागला २२ नोव्हेंबर २०२४ ला, आणि ३ जानेवारी २०२५ पासून तेव्हाच्या डिस्ने प्लस हॉटस्टारवर आला. ओटीटीवरचे चित्रपट घरं बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशीच शोधून ठेवा. केरळात तो 'प्रभयाय निनच्चतेल्लाम' या नावाने लागला होता, तेव्हा शोधताना हे नाव दिसलं तर गोंधळू नका.

डब केलेली आवृत्ती टाळा. या चित्रपटात कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, यावर अर्धं नाट्य उभं आहे. प्रभा आणि अनू आपसात मल्याळम बोलतात, प्रभा आणि पार्वती हिंदीत. हॉस्पिटलातले डॉक्टर मनोज हिंदी जमत नाही म्हणून कासावीस आहेत, आणि प्रभाशी बोलायला त्यांना हेच निमित्त पुरतं. डबिंगमध्ये सगळे एकाच भाषेत बोलायला लागले की डॉक्टरांची अडचणच नाहीशी होते.

आईला किंवा मावशीला इंग्रजी सबटायटल पटापट वाचता येत नसतील तर त्यांना वगळू नका. हिंदी-मराठी त्यांना थेट कळणारच आहे. फक्त मल्याळम प्रसंगांपुरती एकीने शेजारी बसून हळू आवाजात सांगावं. मात्र जिला भाषांतराबरोबर स्वतःचं मत सांगायची सवय आहे, तिला हे काम देऊ नका.

आणखी एक गोष्ट आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. चित्रपटात प्रणयदृश्य आहे, नग्नता आहे. शाळकरी मुलं खोलीत नकोत. थिएटरात लागला त्या सुमारास त्यातल्या क्लिपा कापून फोनाफोनीवर फिरवल्या गेल्या; तुमच्या ग्रुपातही कुणाकडे त्या पोचल्या असतील. त्या पाहिलेल्या बाईला संपूर्ण चित्रपटात तो प्रसंग कुठे येतो आणि त्याआधी त्या दोघांना किती वेळा जागेअभावी परत फिरावं लागलंय, हे दिसेल तेव्हा क्लिप कापणाऱ्याने काय काय कापलं ते आपोआप कळेल.

पहिली काही मिनिटं: कान पुढे, डोळे मागे

सुरुवातीला नायिका नाही. रात्रीचा बाजार, मालाचे ढीग, लोकल, गर्दी. त्यावर वेगवेगळ्या माणसांचे आवाज, वेगवेगळ्या भाषांत, मुंबईत कसे आलो ते सांगणारे. कोण बोलतंय ते दाखवत नाहीत. इथेच पहिला "स्टोरी कधी?" येतो.

इथे करायचं एवढंच: चेहरा शोधू नका, आवाज ऐका. या आवाजांत मराठी, गुजराती, भोजपुरी सगळं आहे, आणि परदेशातल्या प्रेक्षकाला जे फक्त वाचावं लागलं ते तुम्हाला बोलण्याच्या हेलासकट ऐकू येणार आहे. मग कॅमेरा लोकलच्या डब्यात येतो आणि गर्दीतच प्रभा सापडते. ती या हजारोंपैकी एक आहे, हे सांगायला दिग्दर्शिकेने वेगळं वाक्य खर्च केलेलं नाही. पायल कपाडिया पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या. आधीची त्यांची 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' ही डॉक्युमेंटरी होती आणि तिला २०२१ मध्ये कानमध्येच डॉक्युमेंटरीचा पुरस्कार मिळाला होता. तो हात इथे स्पष्ट दिसतो. पुढे गणपतीच्या मिरवणुकीची गर्दी येईल, तिथेही हेच लक्षात ठेवा.

कुकरवर नजर ठेवा

लहान सिनेमात वस्तू बोलतात असं समीक्षक लिहितात. ऐकायला बरं वाटतं, पण म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. इथे दाखवता येईल.

प्रभाच्या घरी एक पार्सल येतं. आत लालभडक राइस कुकर, जर्मन बनावटीचा. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. जर्मनी म्हणजे नवरा, एवढाच अंदाज. आता बघा प्रभा काय करते. ती फोन लावून भांडत नाही, रडत नाही, मैत्रिणीला बोलावून सांगतही नाही. कुकर ओट्याखाली सारून ठेवते. अनू तो बाहेर काढून कौतुकाने न्याहाळते, तिच्यासाठी ती छान नवी वस्तू. दोघींच्या नजरेतला हा फरक एकाच फ्रेममध्ये आहे.

मग एका पावसाळी रात्री खिडकीतून पाणी आत आलंय. प्रभा फरशी पुसते. पुसता पुसता तिचा हात त्या कुकरकडे जातो, ती तो ओढून घेते आणि उकिडवी बसून, दोन्ही पायांमध्ये धरून, त्याला मिठी मारते. संवाद नाही. बाहेर पाऊस, आत स्वयंपाकघराचा मिणमिणता उजेड.

हसू येतं का? येऊ द्या. आमच्याकडे हा प्रसंग लागला की खोलीत एक जण हमखास फिसकते आणि एक जण हमखास गप्प होते, आणि दोघीही बरोबर असतात. कुकर या प्रसंगात नवऱ्याच्या जागी आहे का, की नवरा आता कुकरएवढाच उरलाय? उत्तर द्यायची घाई नको. पण प्रभाने हे रात्री, अनू झोपल्यावर का केलं, ते बघा. दोन खाटांच्या त्या घरात तिला एकटं असायला दुसरी वेळ नाही आणि दुसरी जागाही नाही.

असंच आणखी एक: अनू हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसलेली असताना एक तरुण बाई येते. वय विशीतलं, पदरात मुलं, नवरा ऑपरेशनला तयार नाही. अनू इकडेतिकडे बघून तिच्या हातात गोळ्या सरकवते. प्रसंग मिनिटभराचा. त्या हाताची हालचाल बघा. भाड्याचे पैसे द्यायला स्वतः प्रभाकडे हात पसरणारी ही मुलगी, प्रभाच्या लेखी बेफिकीर. आणि तीच हे करते. तिच्या स्वभावाबद्दल सिनेमाने दिलेली ही सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे, आणि ती तोंडी दिलेली नाही.

जागेचा हिशोब

आता पेन्सिल हातात घ्यायची सवय असेल तर एक कोरा कागद घ्या आणि तिघींची नावं लिहा. चित्रपट चालू असताना बाकी काही लिहू नका, कुणाला कुठे जागा मिळाली ते नंतर आठवून प्रत्येकीच्या नावाखाली लिहा.

अनू आणि शियाझ कुठे कुठे भेटतात? रस्त्यावर, बाजारात, पावसात आडोशाला. एकदा त्याच्या घरचे लग्नाला जाणार म्हणून घर रिकामं मिळणार असतं. अनू त्या मोहल्ल्यात जायचं म्हणून चक्क बुरखा विकत घेते. निघते, आणि वाटेत मेसेज येतो: पावसाने गाड्या बंद, घरचे परत आले. मुंबईत प्रेमात पडलेल्या कुणालाही विचारा, या शहरात धर्माइतकाच अडसर वन बीएचकेचा असतो.

पार्वतीचा हिशोब वेगळा. ती त्या घरात वर्षानुवर्षं राहिलीय, पण तिच्याकडे ते दाखवणारा एकही कागद नाही; नवऱ्याने कधी काही सांगितलं नाही आणि आता तो नाही. प्रभा तिला वकिलाकडे घेऊन जाते. वकील कागद मागतो. घरमालक, भाडेपावती, रेशनकार्ड यातून गेलेल्या आपल्या आया-आज्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

मराठी प्रेक्षकाकडे इथे एक जादा किल्ली आहे, ती वापरा. लालबाग, परळ, लोअर परळचा पट्टा म्हणजे गिरणगाव. तिथल्या गिरण्यांत रत्नागिरीकडून आलेले चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या राबले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, गिरण्या बंद पडल्या आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनंतर त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहण्याची वाट मोकळी झाली. पार्वतीचं गाव रत्नागिरी असणं हा योगायोग नाही. चित्रपट हे भाषणातून सांगत नाही, पण तुमच्या गटात कुणाचे सासरे गिरणीत असतील तर नंतर त्यांच्याबद्दल बोलायला ही जागा चांगली.

एका रात्री पार्वती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. फलकावर श्रीमंती ही श्रीमंतांसाठीच राखीव, अशा अर्थाची ओळ आहे. मला हा प्रसंग थोडा अधोरेखित केल्यासारखा वाटतो. एवढा हुशार सिनेमा इथे बोट दाखवून सांगतो. पण छाया कदम दगड मारल्यावर ज्या पोरकट आनंदाने हसते त्यासाठी मी तो सोडायला तयार नाही.

गाडी कोकणात पोचल्यावर

अर्ध्याहून पुढे पार्वती कंटाळून गावी परतायचं ठरवते आणि बाकी दोघी तिला सोडायला जातात. इथे रंग बघा. मुंबईत सगळं निळं होतं: पाऊस, ताडपत्री, नर्सचे गणवेश, रात्र. आता जांभ्याचा लाल, झाडांचा हिरवा आणि बऱ्याच वेळाने दिवसाचा उजेड. छायाचित्रण रणबीर दास यांचं. आवाजही बदलतो, गाड्यांचा खडखडाट गेला की तो आपण इतका वेळ ऐकत होतो हे कळतं. मुंबईतल्या प्रसंगांवर वाजणारा तो भटका पियानो इथिओपियाच्या एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या ख्रिस्ती जोगिणीचा आहे. पाऊस आणि तो पियानो यांचं इतकं कसं जमलं, याचं मला अजून नवल वाटतं.

पार्वतीच्या घरात वीज नाही. पण तिघींना पहिल्यांदाच पाय पसरायला मिळतात. दारू निघते, गाणं लागतं, पार्वती आणि अनू नाचतात. छाया कदम मूळच्या सिंधुदुर्गातल्या. त्या घरात त्या ज्या सहजतेने वावरतात ती शिकवून येत नाही. शियाझही मागोमाग गुपचूप आलेला असतो. आता मुंबईत न मिळालेली जागा रानात आणि गुहेत मिळते, आणि तो गाजवलेला प्रसंग इथे येतो. जागेच्या हिशोबाचा तो कागद आठवा.

समुद्रातून आलेला माणूस

पुढचे दोन परिच्छेद चित्रपट बघून झाल्यावर वाचलेत तर बरं.

किनाऱ्यावर एक बुडालेला माणूस सापडतो. प्रभा त्याला श्वास देऊन वाचवते. तिथली म्हातारी प्रभाला त्याची बायकोच समजते. आणि मग रात्री, त्या खोलीत, तो माणूस प्रभाशी तिच्या नवऱ्यासारखा बोलायला लागतो. इथे गटाचे दोन तट पडतात: 'तो खरंच नवरा होता का?' आणि 'मला काही कळलंच नाही.'

माझा सल्ला, खरंखोटं ठरवत बसू नका. मागे जा. चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात हॉस्पिटलात एक म्हातारी पेशंट आहे, जिला तिचा मेलेला नवरा दिसतो. प्रभा तिला नर्सच्या नेहमीच्या शांतपणे गोळ्या देते. पहिल्या वेळी तो प्रसंग आपण सोडून देतो. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येतं, की दिग्दर्शिकेने दार तेव्हाच किलकिलं करून ठेवलं होतं. प्रभाला जे नवऱ्याला सांगायचं होतं ते सांगायला फोन लागत नव्हता. इथे ते सांगायची सोय झाली, आणि पुन्हा भेटायचं नाही हे तिने सांगून टाकलं. त्यानंतर ती अनूला म्हणते, की तुझ्या त्या मुलाला बोलाव. हे दोन प्रसंग एकमेकांना लागून आहेत, यावर जरूर बोला.

चित्रपट संपल्यावर

नावं सरकत असताना लगेच दिवे लावू नका, पण तोंडावर गांभीर्य आणायचीही गरज नाही. आधी चहा. 'यातून काय संदेश मिळाला?' हा प्रश्न मात्र बंदच ठेवा. त्याला सगळ्या शाळेतल्यासारखी उत्तरं देतात आणि पाच मिनिटांत चर्चा संपते. त्यापेक्षा बारीक विचारा. प्रभा अनूला इतकं टोचून का बोलते, आणि नंतर कशाने नरमते? तिघींपैकी कुणाकडे स्वतःचे पैसे किती? डॉक्टर मनोज भला माणूस आहे, मग प्रभा मागे का सरते? पार्वती गावी परतली ही हार की सुटका? शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडे सून एका बाजूला आणि सासू दुसऱ्या बाजूला गेली होती, आणि कोणती कुठे ते तुम्ही ओळखाल त्याच्या उलट.

ज्यांना आवडला नाही त्यांना पटवत बसू नका. संथ आहे, हे खरं. शियाझ या मुलाला प्रेमिकापलीकडे फारसं काही दिलेलं नाही, हेही खरं. 'नाही आवडला' म्हणणाऱ्या बाईला एवढंच विचारा, की नेमका कुठल्या प्रसंगापासून लक्ष उडालं. उत्तर बहुधा नेमकं येतं आणि गटाला त्यातून जास्त मिळतं. ऑस्करला भारतातर्फे हा न जाता 'लापता लेडीज' का गेला, या वादावर मात्र दहा मिनिटांहून जास्त घालवू नका. दोन्हीत छाया कदम आहेत. स्टेशनावर टपरी चालवणारी मंजू माई आणि घर सोडून निघालेली पार्वती शेजारी ठेवून बघा, त्यात जास्त मजा आहे.

दुसऱ्यांदा बघायचा असेल तर महिनाभर जाऊ द्या आणि एकटीने बघा.

पुढचा कुठला

याच वाटेने जायचं तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्याकडे वळा. सुमित्राबाई समाजकार्याच्या अभ्यासातून सिनेमाकडे आल्या. बायकांच्या जगण्यावर केलेलं संशोधन ज्यांना वाचता येत नाही त्या बायकांपर्यंत पोचावं म्हणून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट झाला. त्यांचा 'दोघी' (१९९५) दोन बहिणींचा आहे, रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांचा. जड आहे, रात्री उशिरा लावू नका. 'कासव' तुलनेने सोपा, राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवलेला, आणि पुन्हा कोकणचाच किनारा. ज्यांना हौस आहे त्यांनी रीमा दास यांचा आसामी 'व्हिलेज रॉकस्टार्स' लावावा. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन सगळं त्यांनी स्वतः, आपल्या छयगावात राहून केलं. पहिल्यांदाच एकत्र बसणारा गट असेल तर आधी 'कासव' घ्या, 'दोघी' तिसऱ्या बैठकीला.